स्पीकरच्या पेटीत कडक फोम वापरताना

आधी घरातल्या घरात एक करून बघा. टीव्ही नाहीतर फ्रिजबरोबर आलेला थर्माकोलचा मोठा पत्रा माळ्यावरून काढा आणि भिंतीला टेकवून उभा करा. मोबाईल व्हायब्रेटवर टाकून हातात धरा, कुणाला तरी रिंग द्यायला लावा. मोबाईलची कड आधी जाडजूड लाकडी पाटाला टेकवा, मग थर्माकोलला. पाटावर मोबाईलची गुरगुर मोबाईलपुरतीच राहते. थर्माकोलवर अख्खा पत्रा बोलायला लागतो.

कडक फोम (थर्माकोल हाही त्यातलाच) घेऊन स्पीकरची पेटी करायला निघालेल्याने हे पहिल्यांदा हाताला जाणवून घ्यावं. आपल्याकडे समज नेमका उलटा आहे. "फोम लावा सर, फोम आवाज पितो," असं मलाही एका दुकानात सांगितलं होतं. मी भाबडेपणाने प्लायच्या चांगल्या पेटीला आतून 25 मिलिमीटरचा कडक फोम चिकटवला आणि होता तो बासही घालवून बसलो. का, ते हिशेबाच्या वेळी सांगतो.

हलकं आणि ताठ सामान हलवलं की हवा छान ढकलतं. इंग्लंडच्या केईएफ कंपनीचा बी139 हा जुना बास ड्रायव्हर (ड्रायव्हर म्हणजे पेटीत बसणारा, पडदा हलवून आवाज काढणारा भाग) त्यासाठीच ओळखला जातो. त्याचा लांबट पडदा थर्माकोलच्या जातीच्याच फोमचा होता. म्हणजे जाणत्यांनी हा माल हलण्यासाठी निवडला, आणि आपल्याला तो पेटीच्या भिंतीत घालायचाय, जिथे काहीच हलायला नको. नुसत्या फोमची पेटी म्हणूनच करू नका. ती पेटी राहत नाही, डफडं होतं.

मग फोम हवाच कशाला? दोन पातळ प्लायच्या मध्ये, त्यांना एकमेकींपासून लांब धरून ठेवायला. फोमचं काम एवढंच. पुठ्ठ्याच्या खोक्याचा तुकडा हातात घेतलात तर कळेल: दोन कागद आणि मध्ये नागमोडी कागद, वजन काही नाही, पण वाकता वाकत नाही. सेलेशन कंपनीने एसएल600 या स्पीकरची पेटी ॲल्युमिनियमच्या मधमाशीच्या पोळ्यासारख्या पत्र्याची केली होती, तीही याच तत्त्वावर. आपल्या ऐपतीतलं पोळं म्हणजे फोम.

आकडे मांडतो. 18 मिमी प्लायचा चौरस मीटर साधारण 10.8 किलो भरतो (प्लाय घनमीटरला 600 किलो धरून). 4 मिमी प्लाय, 25 मिमी फोम आणि परत 4 मिमी प्लाय असं सँडविच केलं तर साडेपाच किलोच्या आसपास. आणि वाकण्याला विरोध कागदावर जवळजवळ साडेतीन पट. कागदावर म्हणतोय, कारण फोम आतल्या आत थोडा सरकतो, त्यामुळे प्रत्यक्षात त्याहून कमी मिळतं. तरी साध्या प्लायपेक्षा भिंत ताठ होते यात शंका नाही.

आता नाण्याची दुसरी बाजू. ताठ आणि हलकी भिंत खालच्या सुरांना हलत नाही, पण तिचा स्वतःचा सूर वर सरकतो आणि तिथे वजन कमी असल्यामुळे ती आवाज बाहेर सोडते. म्हणून माझं मत असं की नवख्याने पहिली फोमची पेटी वूफरची किंवा सबवूफरची, म्हणजे खालचे सूर काढणाऱ्या ड्रायव्हरची करावी. माणसाचा आवाज ज्या ड्रायव्हरमधून येणार आहे त्याची पेटी आधी साध्या प्लायची करून हात बसवा.

मिरवणुकीच्या डीजेच्या टॉप-बेसचा तर विचारच नको. टेम्पोत चढवताना, उतरवताना, पावसात, गर्दीत त्या पेट्या ज्या आपटतात त्यापुढे 4 मिमीचं कातडं टिकत नाही. हे घरात एका जागी बसणाऱ्या पेटीचं काम आहे.

फोम ओळखा

थर्माकोल, म्हणजे ईपीएस, जर्मनीत बीएएसएफ कंपनीने 1950 च्या सुमारास आणला. ("जगात जर्मनी, भारतात परभणी" म्हणणाऱ्या आम्हा परभणीकरांनी त्याचा वापर आजवर गणपतीच्या मखरापलीकडे फारसा नेला नाही, आणि 2018 च्या बंदीनंतर मखरही गेलं.) पॅकिंगमधला थर्माकोल फार विरळ असतो. कापला की दाणे सुटतात, आणि सुटलेला दाणा पुढे पेटीत खडखडतो. शिकायला ठीक, पेटीला नको.

हवा तो एक्सपीएस, म्हणजे एक्स्ट्रूडेड पॉलिस्टायरीन, थर्माकोलचाच घट्ट भाऊ. निळा, गुलाबी किंवा फिकट हिरवा, दाणे न दिसणारा, कापल्यावर ब्रेडसारखा एकसंध. घनमीटरला 30 ते 35 किलोचा नेहमी मिळतो, पत्रा बहुतेक 1250 बाय 600 मिमीचा. मराठवाड्यात मे महिन्यात पारा 43-44 ला टेकतो आणि स्लॅब रात्री बारापर्यंत भट्टीसारखा राहतो, त्यामुळे गच्चीवर उष्णता अडवायला हे बोर्ड घालणारे वाढले आहेत. वॉटरप्रूफिंगचं काम करणाऱ्या ठेकेदाराकडे उरलेले तुकडे सहज निघतात. एका जोडीला दोन पत्रे पुरतात, नवा गठ्ठा घ्यायची गरज नाही.

पफ, म्हणजे कडक पॉलियुरेथेन, कोल्ड स्टोरेजच्या पॅनलमध्ये असतो. वाळूज, चिकलठाण्याच्या बाजूला भंगारात त्याचे तुकडे दिसतात. घनमीटरला 40 किलोच्या आसपास, चालतो, पण भुसा होतो आणि तो अंगाला खाजवतो. फ्लेक्सवाल्याकडचा सनबोर्ड मात्र या कामाचा नाही. तो पीव्हीसीचा, वजनाने प्लायच्या जवळ आणि ताठपणात तिच्या कितीतरी मागे.

तुकडा कशाचा आहे कळत नसेल तर कोपऱ्यावर थिनरचा थेंब टाका. थर्माकोल आणि एक्सपीएस लगेच विरघळून खड्डा पडतो. हा खड्डा नीट बघून ठेवा, चिकटवताना आठवायचाय.

हिशेब

ड्रायव्हरबरोबर येणाऱ्या माहितीच्या कागदावर तीन आकडे शोधा: एफएस (Fs, ड्रायव्हरचा स्वतःचा सूर), क्यूटीएस (Qts, तो सूर किती घुमतो) आणि व्हीएएस (Vas, पडद्याचा लवचिकपणा, तितक्याच लवचिक हवेच्या लिटरमध्ये). उदाहरणाला साडेसहा इंची ड्रायव्हर घेऊ: एफएस 45 हर्ट्झ, क्यूटीएस 0.40, व्हीएएस 28 लिटर. बंद पेटीचं सूत्र सोपं आहे. व्हीएएसला पेटीच्या लिटरने भागा, 1 मिळवा, वर्गमूळ काढा, क्यूटीएसने गुणा. उत्तर 0.7 च्या आसपास आलं की बास सरळ उतरतो. साडेतेरा लिटरला आपलं उत्तर 0.70 येतं, आणि पेटीचा सूर 79 हर्ट्झवर बसतो.

आतली मापं 20 बाय 32 बाय 22 सेंटिमीटर धरली की 14.08 लिटर होतात. ड्रायव्हरच्या मागच्या लोहचुंबकाचे अर्धा लिटर वजा जाता साडेतेरा.

आता माझी चूक. मी अशाच मापाच्या तयार पेटीला समोरची फळी सोडून पाचही बाजूंनी आतून 25 मिमी फोम लावला होता. आतली जागा उरली 15 बाय 27 बाय 19.5, म्हणजे 7.9 लिटर. अडीच सेंटिमीटर म्हणजे काय मोठं, असं वाटतं; पण पेटी जवळपास निम्मी झाली. सूत्रात उत्तर 0.87 च्या वर गेलं आणि ढोलकीसारखा एकच सूर घुमायला लागला. कडक फोम बंद पेशींचा असतो, हवा त्यात शिरत नाही, त्यामुळे तो जागा खातो आणि आवाज पीत नाही. खात्री करायची तर तुकडा तोंडाला लावून फुंकर मारा. फुंकर पलीकडे गेली तर ते सामान आवाज पिणारं. कडक फोममधून जात नाही.

याचा एक उलटा फायदा आहे. पेटी चुकून मोठी झाली तर कोपऱ्यात फोमचे ठोकळे पक्के चिकटवून लिटर कमी करता येतात. एक लिटर म्हणजे 10 सेंटिमीटरचा घन.

कापाकापी

एका पेटीला लागतं ते असं. दोन बाजू, प्रत्येकी 38.6 बाय 25.3. वरचं आणि खालचं, प्रत्येकी 20 बाय 25.3. मागचं 20 बाय 32. हे पाचही सँडविच, जाडी 33 मिमी. समोरची फळी 26.6 बाय 38.6, ती मात्र 18 मिमी अखंड प्लायची. ड्रायव्हरचं वजन आणि धक्का तिच्यावर असतो, तिथे फोमची हौस नको.

एक्सपीएस कापायला नवं पातं लावलेला कटर पुरतो. एका दमात कापू नका. पट्टी धरून तीन-चार हलके हात फिरवा. मखरवाल्यांकडची गरम तारेची यंत्रं गावोगावी पडून आहेत, ती मिळाली तर काम लोण्यासारखं होतं. पण ती फक्त थर्माकोल आणि एक्सपीएसला, तेही अंगणात, वारा येतो त्या दिशेला पाठ करून. पफ आणि पीव्हीसीला गरम तार लावायची नाही. त्यांचा धूर विषारी असतो.

फोमच्या चारही कडांना लाकडी पट्टीची चौकट लागते. पहिल्या वेळी मी ती टाळायला बघत होतो. शेजारच्या मिस्त्रींनी पॅनल उलटंपालटं करून विचारलं, "काय करायलाव सर हे? ह्याच्यात स्क्रू काय धरतोय? काड्याच्या पेटीत खिळा ठोकल्यावानी हाय." त्यांचं खरं होतं. पट्टी 18 मिमी रुंद आणि फोमच्या जाडीची घ्या, म्हणजे कोपरे लाकडाला लाकूड लागून जुळतात. मागच्या पॅनलमध्ये जिथे वायरचं टर्मिनल बसणार तिथेही फोम कोरून लाकडाचा ठोकळा बसवा.

इथे एक बारकावा आहे आणि बहुतेक पेट्या तिथेच बिघडतात. बोर्डवर 25 मिमी छापलेलं असतं, प्रत्यक्षात 24.5 भरतो नाहीतर 26. पट्टी फोमपेक्षा अर्धा मिमी जरी जाड राहिली तरी प्लाय पट्टीवर टेकते आणि फोमला लागतच नाही. वरून सगळं छान दिसतं; आत मात्र प्लाय पापडासारखी सुटी, आणि ठराविक सुराला थरथरते. म्हणून आधी फोम मोजा, मग पट्टी रंधून त्याच्यापेक्षा केसभर कमी करा. फोम किंचित वर असलेला बरा, तो दाबला जातो.

या पट्ट्यांमुळे वजनातला फायदा मात्र आटतो. एवढ्याशा पेटीत सँडविच आणि अखंड प्लाय यांच्यात किलोभराचाही फरक राहत नाही. मिळतो तो ताठपणा. पेटी मोठी असेल, सबवूफरची वगैरे, तर पट्ट्यांचा वाटा कमी होतो आणि उचलताना पाठीला फरक कळतो.

चिकटवणं

पिवळं रबर सोल्युशन नको. सनमायका लावायला हेच वापरतात, हाताशी असतं, म्हणून मीही लावलं. रात्री पॅनल दाबून ठेवलं, सकाळी बोटाने ठोकलं तर मध्येच पोकळ. कापून बघितलं, तर वाळवीने खावं तसा फोम आतून गेला होता. त्यातलं द्रावण, पेट्रोल, थिनर, स्प्रे पेंट, सगळेच एक्सपीएसला खातात. फायबरवाल्यांचं पॉलिस्टर रेझिनही खातं. चालतं ते पांढरं पाण्यातलं फेविकॉल, आणि इपॉक्सी (दोन भाग एकत्र कालवून लावायचा गोंद).

फोमच्या चकचकीत पाठीवर फेविकॉल धरत नाही. हॅक्सॉच्या पात्याने आडवे-उभे ओरखडे काढा, ब्रशने भुसा झाडा. नाकातोंडाला रुमाल बांधा. मग जुन्या एटीएम कार्डाने फेविकॉलचा पातळ, सारखा थर फोमवर आणि पट्टीवर ओढा. जाड थर दिला तर तो वाळायला आठवडा घेईल, कारण फोममधून पाणी जात नाही. ते फक्त प्लायमधून बाहेर पडतं. त्याच कारणाने फोमला फोम फेविकॉलने चिकटवू नका, तिथे इपॉक्सी.

दाब द्यायला क्लॅम्प लागतात असं वाचलं असेल. आमच्याकडे ज्वारीचं पोतं आहे. सपाट फरशीवर वर्तमानपत्र, त्यावर पॅनल, परत वर्तमानपत्र, वर एक फळी आणि फळीवर पन्नास किलोचं पोतं. क्लॅम्प कडांना दाबतो आणि मधलं राहून जातं. पोतं फळीवर पसरून बसतं, सगळीकडे सारखं. फरशी खरोखर सपाट आहे ना, एवढं बघा. पॅनल ज्या आकारात वाळेल त्याच आकारात जन्मभर राहतं. दोन्ही प्लाय एकाच वेळी चिकटवा. एक आज, एक उद्या केलं की पॅनल बाक घेतं. उन्हाळ्यात एक दिवस, पावसाळ्यात दोन-तीन दिवस दाबून ठेवा.

वाळल्यावर बोटाच्या पेराने सगळीकडे ठोका. सगळीकडे कोरडा, सारखा "टक" आला पाहिजे. एखाद्या जागी "बद्" आलं तर तिथे फोम सुटलाय. 2 मिमीचं भोक पाडून इंजेक्शनच्या सिरिंजने पातळ इपॉक्सी सोडा आणि परत पोत्याखाली.

जोडणी

जोडण्याआधीच पॅनलच्या आतल्या बाजूला, मधोमध, गाडीच्या दारात लावतात ती चिकट डॅम्पिंग शीट तळहाताएवढी लावा. वर म्हटलेला भिंतीचा स्वतःचा सूर तिने दबतो. गच्चीची डांबरी शीट तापवून लावायचा मोह होईल. फोमजवळ ज्योत आणायची नाही.

बाजू, वर, खाली अशी चौकट करा, मागचं पॅनल आत सरकवा. काटकोन तपासायला कर्ण मोजा, दोन्ही सारखे आले पाहिजेत. कडेपासून 12 मिमीवर आधी भोक पाडून 50 मिमीचे स्क्रू, पट्टीतून पट्टीत जातील असे. फोममध्ये गेलेला स्क्रू काढून टाका, तो काहीच धरत नाही. समोरची फळी शेवटी. तिच्यात ड्रायव्हरचं भोक कटर मशीनवाल्याकडून आधीच करून घ्या, माप ड्रायव्हरच्या कागदावर असतं. आतले सगळे सांधे फेविकॉल-भुशाच्या लगद्याने बुजवा. ड्रायव्हरखाली खिडकीची चिकट फोमपट्टी.

हवाबंद झाली का ते बघायला ड्रायव्हरचा पडदा बोटांनी हलकेच आत दाबा आणि सोडा. तो सावकाश परत आला तर पेटी बंद. झटकन आला तर कुठेतरी फट आहे. अगरबत्ती सांध्यांजवळ फिरवून दुसऱ्याला पडदा दाबायला सांगा, धूर हलतो तिथे गळती.

आवाज प्यायचं काम आता भरणाचं. कापसाच्या मुलखात राहून कापूस न वापरणं जिवावर येतं, म्हणून मी घरचा पिंजलेला कापूस भरून पाहिला. चार महिन्यांत तो ओल धरून तळाला बसला. उशीत घालतात तो पॉलिस्टरचा कापूस बरा. दीडशे ग्रॅम पिंजून सगळ्या पेटीत सैल पसरा, ड्रायव्हरच्या पाठीला चिकटू देऊ नका. ऐकून पन्नास ग्रॅम कमी-जास्त करा.

दाण्यांची परीक्षा

मोबाईलवर सूर काढणारं ॲप घ्या, ॲम्प्लिफायरला जोडा. पेटी आडवी करून वरच्या बाजूवर मूठभर ज्वारी पसरा. 50 हर्ट्झपासून हळूहळू वर जा, आवाज बोलण्याइतका. दाणे जिथे नाचायला लागतील तो त्या भिंतीचा सूर. माझ्या पहिल्या, नुसत्या फोमच्या पेटीवर दोनशेच्या आसपासच दाणे उडून फरशीवर गेले होते. सँडविचवर तिथे ते जागचे हलले नाहीत; बऱ्याच वर गेल्यावर मधले चार-दोन दाणे थरथरले. तिथेच आतून आणखी एक डॅम्पिंग शीट लावली. ड्रायव्हरच्या भोकातून हात आत जातो, तेवढा अंदाज भोक पाडताना घ्या.

बाहेरून सनमायका लावायचा तर पांढऱ्या फेविकॉलने. कडा सगळ्या लाकडाने बंद असतील तर रंग कुठलाही चालतो, पण एखादी कड उघडी राहून स्प्रे आत गेला तर फोम बसलाच म्हणून समजा.

ॲम्प्लिफायर पेटीच्या आत किंवा मागे बसवू नका. एक्सपीएस पंचाहत्तर अंशांच्या पुढे मऊ पडतो आणि तो पेटतोही. पत्र्याच्या घरात, पश्चिमेच्या भिंतीला टेकून, किंवा उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत पेटी ठेवू नका. आणि गावाकडच्या घरात असाल तर उंदीर. त्याला फोम खायचा नसतो, घर करायचं असतं, मुंग्यांचंही तसंच. माझ्या एका पॅनलची मागची पट्टी आखूड पडली होती, बोटभर फोम उघडा होता. दिवाळीला पेटी सरकवली तर खाली निळ्या भुशाचा ढीग. आता कडांना पट्टी बसवली की मी बॅटरी लावून चारही बाजू बघतो, आणि कुठे निळं दिसलं तर तिथे लगदा भरतो.